नायक, आदिबंध आणि जगभरच्या पुराणकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुराणकथांचा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “अरे, हे तर आपल्या कर्णासारखंच झालं!” गप्पा तिथे रंगतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. साम्य सापडलं, काम झालं. मला मात्र खरी मजा त्यानंतर येते. दोन कथा इतक्या सारख्या असताना नेमक्या कुठल्या वळणावर वेगळ्या झाल्या, हे शोधण्यात. खालची उत्तरं त्याच खोडीतून आलेली आहेत, तेव्हा काही ठिकाणी उत्तर प्रश्नापेक्षा लांब जाईल.

पुराणकथा म्हणजे खोट्या कथाच ना?

हा घोटाळा थोडा भाषेचाही आहे. ‘मिथ’ हा शब्द ग्रीक ‘मुथॉस’वरून आला. त्याचा अर्थ बोललेली गोष्ट, कथन. आपल्या ‘मिथ्या’शी त्याचं काही नातं नाही, फक्त कानाला दोन्ही जवळचे वाटतात. अमुक घडलं की नाही, हा इतिहासाचा प्रश्न झाला. पुराणकथेला विचारायचं ते असं : ही गोष्ट कोण सांगत होतं, कुणाला, आणि ऐकणाऱ्यांना ती पुन्हा पुन्हा का ऐकावीशी वाटली?

नायक म्हणजे सद्गुणी माणूस, बरोबर?

चूक, आणि ही चूक फार पसरलेली आहे. आपण शाळेच्या पुस्तकातला आदर्श पुरुष डोळ्यांसमोर ठेवतो आणि मग भीमाने दुःशासनाचं रक्त प्यायलेलं पाहून अस्वस्थ होतो.

ग्रीकांकडे ‘हीरोस’ म्हणजे मेल्यानंतरही ज्याची ताकद उरते असा माणूस. त्याच्या थडग्यापाशी बळी दिले जात, कारण तो खूश असला तर गावाचं भलं करील आणि चिडला तर वाट लावील, अशी समजूत होती. यात चांगुलपणाची अट कुठेच नव्हती. पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराने क्लिओमिडीस नावाच्या मुष्टियोद्ध्याची हकीकत दिली आहे. ऑलिंपियाच्या खेळात याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला. पंचांनी विजय काढून घेतला. त्या धक्क्याने त्याचं डोकं फिरलं. आपल्या बेटावर, अ‍ॅस्टिपालियाला परत येऊन त्याने एका शाळेचा खांबच उपटला आणि छत साठेक मुलांवर कोसळलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथीना देवीच्या देवळात शिरला, तिथल्या पेटीत बसला आणि आतून झाकण ओढून धरलं. लोकांनी शेवटी पेटी फोडली, तर आत कुणीच नाही. डेल्फीच्या देववाणीला विचारल्यावर उत्तर आलं : क्लिओमिडीस हा शेवटचा हीरो, त्याला बळी अर्पण करा.

हे वाचून पहिल्यांदा मी पान उलटून मागे गेलो होतो, आपलं काही वाचायचं राहिलं का म्हणून. काही राहिलं नव्हतं. नायक म्हणजे माणसाच्या मापात न मावणारा माणूस. त्याचं ते जास्तीचं बळ शत्रूवर पडलं तर आपण पोवाडे गातो, घरावर पडलं तर तो ग्रीक महाबली हेराक्लीस होतो. हेराक्लीसनेही वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारली होती.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, ‘गिल्गमेश’ महाकाव्याची सुरुवातही अशीच. ते उघडतं तेव्हा उरुक शहराची रयत देवांकडे गाऱ्हाणं मांडते आहे, की आमचा राजा गिल्गमेश आम्हाला जगू देत नाही. त्याच्या तोडीचा कुणीतरी हवा म्हणून देव एन्किडूला घडवतात. महाकाव्य सुरू होतं ते नायकाविरुद्धच्या तक्रारीने, हे ध्यानात असू द्या.

‘आदिबंध’ म्हणजे नेमकं काय? ठोकळेबाज पात्र आणि आदिबंध एकच का?

एकच नाही. कार्ल युंगने (१८७५–१९६१) ही कल्पना मानसशास्त्रात रुजवली आणि मराठी समीक्षेत तिच्यासाठी ‘आदिबंध’ हा शब्द स्थिरावला. आई, शहाणा म्हातारा, छाया, कळलाव्या अशी काही रूपं माणसाच्या मनात आधीपासूनच आकार धरून असतात, असं त्याचं म्हणणं.

लोक घोळ घालतात तो पुढे. युंगने स्फटिकाची उपमा दिली होती. द्रावणात स्फटिक दिसत नसतो, पण तो कोणत्या अक्षांवर धरेल हे ठरलेलं असतं. आदिबंध म्हणजे ते अक्ष. प्रत्यक्ष दिसतो तो स्फटिक म्हणजे भीष्म, किंवा ट्रॉयच्या वेढ्यातला म्हातारा नेस्टर. भीष्मांना ‘शहाणा म्हातारा’ अशी चिठ्ठी डकवून मोकळं झालं, तर भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारल्यावर हा शहाणा म्हातारा ‘धर्म सूक्ष्म आहे’ म्हणून उत्तर का टाळतो, हे विचारायचंच राहून जातं. ठोकळेबाज पात्र लेखकाच्या आळसातून येतं. आदिबंध त्या आधीचा.

सगळ्या माणसांना सामाईक असलेलं ‘सामूहिक अबोध मन’ वगैरे पूर्ण सिद्धान्त मला पटत नाही. पण वाचताना हाताशी धरायला शब्द म्हणून ‘आदिबंध’ कामाचा आहे.

इतक्या लांबलांबच्या लोकांच्या कथा सारख्या कशा?

तीन रस्ते आहेत आणि प्रत्येक साम्याला तिन्ही सारखे लागू पडत नाहीत.

पहिला, घर एक. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इराणी या भाषा एकाच जुन्या भाषेच्या लेकी, आणि आईकडून लेकींना शब्दांबरोबर गोष्टीही मिळाल्या. वेदातला द्यौस् पितर, ग्रीकांचा झ्यूस पिता आणि रोमनांचा जुपिटर ही नावं मुळात एकच. त्याहून ठसठशीत पुरावा सर्पवधाचा. ऋग्वेदातल्या इंद्रसूक्तात (१.३२) ‘अहन्नहिम्’ असे शब्द येतात : त्याने अहीला, म्हणजे सापाला, मारलं, पाणी मोकळं केलं. अवेस्ता या इराणी धर्मग्रंथात थ्रएतओना या वीराने अझि दहाका या सापाला मारल्याचं सांगताना तोच धातू आणि तोच सापाचा शब्द एकमेकांना लागून येतात. म्हणजे केवळ गोष्ट सारखी नाही, गाणाऱ्याच्या तोंडातली ओळच वारशाने आली आहे.

दुसरा रस्ता शेजाराचा. व्यापारी जातात, सैन्यं जातात, कैदी नेले जातात, गोष्टी त्यांच्याबरोबर जातात. मेसोपोटेमियाचा महापूर आणि बायबलमधला नोहा यांचं नातं या प्रकारचं.

तिसरा, माणसाचीच परिस्थिती. बाळंतपण, भाऊबंदकी, पूर, मरण हे सगळीकडे आहे. जपानमध्ये सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या सापाला साके पाजून झिंगवतो, त्याचे तुकडे करतो आणि शेपटीत त्याला तलवार सापडते. तिथे लगेच ‘अहन्नहिम्’ शोधत बसू नये. साप सगळीकडे आहेत आणि त्यांची भीतीही.

नदीत सोडलेलं बाळ प्रत्येक कथेत का भेटतं?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा जरा बैठक मारून बसा.

अक्काडचा राजा सारगॉन साधारण इ. स. पू. २३०० च्या काळातला. त्याच्या तोंडी घातलेली जन्मकथा मिळते ती बऱ्याच नंतरच्या मातीच्या पाट्यांवर. तो म्हणतो, बाप मला माहीत नाही. आईने गुपचूप जन्म दिला, लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवलं, झाकण डांबराने बंद केलं आणि युफ्रेटिसमध्ये सोडलं. पाणी उपसणाऱ्या अक्कीने मला वर काढलं, वाढवलं, माळी केलं. मग इश्तार देवीचं माझ्यावर प्रेम बसलं आणि मी राजा झालो.

बायबलमधल्या मोशेच्या आईनेही लव्हाळ्याची पेटी डांबर आणि राळ लावून बंद केली आणि नाईलच्या काठच्या गवतात ठेवली. बहीण लांबून बघत उभी राहिली. महाभारताच्या वनपर्वात कुंती पेटीत मऊ अंथरूण घालते, बाहेरून मेण लावते आणि बाळ अश्व नदीत सोडते. तिथून ते चर्मण्वतीत, मग यमुनेत, गंगेत आणि शेवटी सूतांच्या चंपानगरीत पोचतं. नद्यांची नावं अशी क्रमाने येतात की नकाशावर बोट फिरवत जावं.

आता त्या डांबराकडे आणि मेणाकडे बघा. रोम वसवणारे रोम्युलस आणि रिमस, डोंगरावर टाकलेला ग्रीक ईडिपस ही मुलं मरावीत म्हणून टाकलेली. इथे मात्र टाकणारी आईच आहे आणि ती पाणी आत शिरू नये म्हणून फटी लिंपते आहे. ज्याला बुडवायचंय त्याच्या पेटीला मेण कोण लावतं? ‘टाकलेलं मूल’ असा एकच शिक्का मारला की हा फरक पुसला जातो.

ऑटो रँकने १९०९ साली अशा जन्मकथा एकत्र करून त्यांचा साचा मांडला : थोर आईबाप, संकट, पाण्यावर सोडणं, गरिबाघरी किंवा जनावराकडे वाढणं, पुढे ओळख पटणं. साचा बरोबर आहे. पण तीन कथा त्याचा वापर तीन वेगळ्या कामांसाठी करतात. सारगॉनची कथा बढाईची आहे. बापाचं नाव नाही ना, मग देवीची मर्जी दाखवा. मोशेच्या कथेत दिशाच उलटी आहे. मूल गुलामांचं आणि वाढतं राजवाड्यात. हे फ्रॉइडनेही हेरलं होतं.

आणि कर्ण? त्याच्या कथेत पेटीने त्याला राज्यावर बसवायला हवं होतं. साचा तसं सांगतो. उद्योगपर्वात ओळख पटतेही. आधी कृष्ण सांगतो, मग कुंती स्वतः येऊन सांगते, सिंहासन ताटात वाढून ठेवलेलं असतं. आणि तो नाही म्हणतो. अधिरथाने मला मुलगा मानलं, राधेने वाढवलं, आता सोडू कसं? ओळख पटल्यावर मागे फिरणारा नायक शोधायला गेलात तर बराच वेळ लागेल. सारगॉनला जे कमवायचं होतं, ते कर्णाच्या दारात चालत आलं होतं.

दोन कथा खरंच सारख्या आहेत की आपल्याला तसं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

सांगाडा जुळणं पुरेसं नाही. अनावश्यक तपशील जुळतात का ते बघावं.

धनुष्याचा पण घ्या. ग्रीक वीर ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो तो भिकाऱ्याच्या वेषात. त्याची बायको पेनिलोपी म्हणते, जो या धनुष्याला दोरी चढवून बारा कुऱ्हाडींमधून बाण काढील त्याच्याशी लग्न करीन. एकालाही दोरी चढवता येत नाही. भिकारी पुढे होतो, सगळे हसतात, काही चिडतात. तो धनुष्य उलटसुलट करून किडीने पोखरलं तर नाही ना ते बघतो, सहज दोरी चढवतो, छेडतो, आणि ती पाकोळीसारखी गाते. मग बसल्या जागेवरूनच बाण सोडतो.

द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुन ब्राह्मणाच्या वेषात आहे. राजे हरले आहेत. तो उठतो तेव्हा बाकीचे ब्राह्मण कुजबुजतात, हा आपलं हसं करणार. नेम लागतो आणि हाणामारी होते. वेषांतर, नवऱ्याची निवड, धनुष्य, हिणवणूक, नंतरची लढाई, इतकं सगळं एका रांगेत जुळलं की मी कान टवकारतो.

पण ओडिसियसचं धनुष्य त्याचं स्वतःचं आहे. प्रश्न आहे तो घरचा धनी परत आला का, एवढाच. अर्जुनाचा पण नव्या घराची सुरुवात आहे आणि ती सुरुवात लगेच पाच नवऱ्यांच्या पेचात अडकते. ग्रीक कथेत बाण लागल्यावर गाठ सुटते, आपल्याकडे बसते.

‘नायकाचा प्रवास’ हा साचा सगळ्या कथांना लागतो म्हणतात. खरं का?

जोसेफ कॅम्बेलने १९४९ साली मांडलेला हा आराखडा : घर सोडणं, कसोट्या, आणि काहीतरी घेऊन परत येणं, एकूण सतरा टप्पे. जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’च्या वेळी त्याचा आधार घेतला आणि मग पटकथा शिकवणाऱ्या प्रत्येकाने.

अडचण अशी की कॅम्बेल कथांमधले जुळणारे तुकडे उचलतो आणि न जुळणारे सोडून देतो. सतरापैकी पाच टप्पे जुळले तरी कथा ‘बसली’ म्हणायची असेल तर दळण आणायला गेलेला माणूसही बसेल. त्याच्या आधी, १९३६ साली, लॉर्ड रॅगलनने नायकाची बावीस लक्षणं देऊन प्रत्येकाला गुण दिले होते. ईडिपसला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. नंतर एका लोकसाहित्याभ्यासकाने गमतीने तीच यादी अब्राहम लिंकनला लावली आणि लिंकनही झकास उत्तीर्ण झाला! त्याही आधी, १९२८ साली, व्लादिमीर प्रॉपने कथेतल्या एकतीस घटकांची मांडणी केली होती, पण तो प्रामाणिक माणूस. हे रशियन परीकथांपुरतं आहे, असं त्याने बजावलं होतं. मला प्रॉप जास्त भरवशाचा वाटतो तो म्हणूनच.

तुम्ही लेखक असाल तर कॅम्बेल जरूर वाचा. फक्त कथा समजून घ्यायला त्याचा वापर करताना, जिथे कथा साच्याबाहेर सांडते तिथे बोट ठेवा. गिल्गमेश अमरत्वाची वनस्पती मिळवतो. पायाला दगड बांधून पाण्याच्या तळाशी जातो, हात टोचतात तरी सोडत नाही. परतीच्या वाटेवर गार पाण्याचं तळं दिसतं म्हणून आंघोळीला उतरतो, तेवढ्यात साप येऊन ती वनस्पती घेऊन जातो. कात टाकून जातो. नायक काठावर बसून रडतो. साच्याप्रमाणे त्याने काहीतरी घेऊन घरी यायचं असतं. तो रिकाम्या हाताने येतो आणि सोबतच्या नावाड्याला उरुकची तटबंदी दाखवतो : चढून बघ, विटा बघ, भाजलेल्या आहेत की नाही.

प्रत्येक नायकाचं एक मर्मस्थान असतंच का?

बहुतेकांचं असतं. जर्मन वीर सीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हातो तेव्हा पाठीवर लिंडनचं पान चिकटतं, तेवढी जागा कोरडी राहते. इराणी इस्फंदियारचे डोळे. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, कथांमधल्या बाल्डर देवाला सगळ्या सृष्टीने ‘इजा करणार नाही’ अशी शपथ दिली, पण बांडगुळाच्या एका लहानशा रोपाला शपथ घालायचं राहून गेलं.

पण सगळ्यात प्रसिद्ध दोन मर्मस्थानं मूळ ग्रंथात नाहीत. ‘इलियड’मध्ये ग्रीक वीर अकिलीसच्या टाचेबद्दल एक अक्षर नाही. उलट एकविसाव्या सर्गात भाला त्याच्या हाताला कोपराजवळ चाटून जातो आणि रक्त येतं. आईने त्याला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं ही गोष्ट आपल्याला मिळते ती रोमन कवी स्टेशियसकडे, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात. दुसरं मर्मस्थान दुर्योधनाच्या मांडीचं. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडली, कृष्णाने त्याला केळीचं पान गुंडाळायला लावलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग नाही. वनपर्वात मात्र दानव दुर्योधनाला सांगतात की तुझं कमरेवरचं शरीर शंकराने वज्राचं केलं आणि खालचं देवीने फुलांचं. मला हे केळीच्या पानापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं. कमरेखाली फुलांचा बनलेला गदायोद्धा!

मर्मस्थान नंतर चिकटतं याला कारण आहे. ऐकणारे विचारतात, इतका बलवान होता तर मेला कसा? सांगणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

महापूर खरंच आला होता का?

पूर आले होते, अनेक. अख्खं जग बुडवणारा एक पूर आल्याचा भूवैज्ञानिक पुरावा नाही.

१८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथने मेसोपोटेमियातल्या एका पाटीवर जहाज, डोंगरावर टेकणं आणि सोडलेलं कबुतर वाचलं. मुळात तो नोटांच्या छापकामाचं कोरीवकाम शिकलेला माणूस, क्यूनिफॉर्म लिपी स्वतःच्या हौसेने शिकला. वाचून तो इतका हरखला की खोलीत धावत सुटला आणि अंगावरचे कपडे काढायला लागला, अशी आठवण सांगतात.

कारणं मात्र कथागणिक बदलतात. नोहाच्या कथेत माणसाचं पाप. मेसोपोटेमियाच्या अत्रहासिस काव्यात माणसं फार झाली आणि त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप उडाली. ज्यांनी वरच्या मजल्यावर लहान मुलं असलेल्या इमारतीत दिवस काढलेत त्यांना एन्लिलबद्दल थोडी सहानुभूती वाटेल. पूर ओसरल्यावर पहिला यज्ञ होतो, तेव्हा इतके दिवस उपाशी राहिलेले देव वासावर माश्यांसारखे गोळा होतात, असं काव्यच म्हणतं.

शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत पाप नाही, गोंगाट नाही, पुराचं कारणच दिलेलं नाही. सकाळी हात धुवायच्या पाण्यात एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला वाचवीन. लहान आहोत तोवर आमचं काही खरं नाही, मासाच माशाला गिळतो. मनू त्याला आधी मडक्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर येतो तेव्हा नावेचा दोर त्याच माशाच्या शिंगाला बांधलेला असतो. इथे जगबुडीपेक्षा त्या ओंजळभर जिवाला दिलेला आसरा महत्त्वाचा.

इजिप्तमध्ये जगबुडीतून वाचलेल्या माणसाची अशी ठळक कथा नाही. नाईलचा पूर तिथे दरवर्षी गाळ आणि धान्य घेऊन यायचा. पुराला शत्रू कोण म्हणणार?

या कथांत नायिका कुठे आहेत?

प्रवासाचा साचाच पुरुषांच्या बाहेर पडण्यावर बेतलेला असल्याने त्या दिसत नाहीत. १९९० साली मॉरीन मरडॉकने नायिकेच्या प्रवासाचा वेगळा आराखडा मांडला तो याच कारणाने.

पण कथा आधीपासून होत्याच. सुमेरची इनान्ना देवी पाताळात उतरते. सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावर एक वस्तू काढून द्यायची : मुकुट, गळ्यातले मणी, शेवटी अंगावरचं वस्त्र. पाताळाची राणी असलेल्या बहिणीसमोर पोचते तेव्हा अंगावर काही नाही. तिचं प्रेत करून खुंटीला टांगतात. सुटका होते ती बदली माणूस देण्याच्या बोलीवर. वर येऊन बघते तर नवरा डुमुझी शोक वगैरे न करता झकपक कपड्यांत सिंहासनावर बसलेला. बदली कोण द्यायचा, हा प्रश्न तिथेच मिटतो.

सावित्रीला आपण व्रतात इतकं गुंडाळून ठेवलंय की तिची वकिली दिसत नाही. यम वर देतो, प्रत्येक वेळी ‘याचा जीव सोडून’ अशी अट घालतो. ती सासऱ्यांचे डोळे मागते, राज्य मागते, वडिलांना शंभर मुलगे मागते आणि मग सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलगे. यम तथास्तु म्हणून जातो. त्यापुढचा वर देताना तो अट घालायची विसरतो. झाडाखाली तलवारबाजी नाही, रडारड नाही. मरणाच्या मागोमाग चालत, बोलत बोलत त्याला शब्दात पकडलं.

पाताळातून येताना मागे वळून का पाहायचं नाही?

ग्रीक गायक ऑर्फियस मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, पाताळातून आणताना मागे वळतो आणि ती कायमची जाते. जपानी देव इझानागी ‘बघू नको’ म्हटलेलं असताना कंगव्याचा दात पेटवून मेलेल्या बायकोकडे, इझानामीकडे, बघतो, तर देहात अळ्या पडलेल्या. ती चिडून त्याचा पाठलाग करते. ग्रीक कथेत बघणं हे प्रेम आहे, जपानी कथेत मढं बघितल्याची शिक्षा. पाताळातलं अन्न खाल्लं की परत येणं अवघड, हा नियम मात्र दोन्हीकडे : ग्रीकांच्या पर्सिफनीने डाळिंबाचे दाणे खाल्ले, इझानामीने तिथल्या चुलीवरचं.

नारद, लोकी, कृष्ण हे एकाच प्रकारचे का?

कळलाव्या हा आदिबंध सगळ्यात निसरडा. ग्रीक देव हर्मिस जन्मला त्याच दिवशी अपोलो देवाच्या गायी चोरतो, माग लागू नये म्हणून त्यांना उलट्या पावली चालवतो आणि परत येऊन पाळण्यात झोपेचं सोंग घेतो. गोकुळातलं लोण्याचं मडकं आठवल्याशिवाय राहत नाही. पश्चिम आफ्रिकेतला अनान्सी हा आठ पायांचा कोळी असून देवाकडून सगळ्या गोष्टी जिंकून आणतो. नारद भांडण लावतो, पण त्याच्या कळीतून बहुधा कुणाचं तरी भलं होतं. लोकीचं तसं नाही. त्याची थट्टा बाल्डरच्या मृत्यूपर्यंत आणि शेवटी देवांच्या नाशापर्यंत जाते.

गुरू किंवा मार्गदर्शक हवाच का?

इंग्रजीतून आलेला ‘मेंटर’ हा शब्द मुळात माणसाचं नाव आहे. ‘ओडिसी’त मेंटर हा ओडिसियसचा मित्र, घर त्याच्यावर सोपवलेलं. तो स्वतः फारसं काही करत नाही. अथीना त्याचं रूप घेऊन ओडिसियसच्या मुलाला वाट दाखवते. तेव्हा कुणी स्वतःला तुमचा मेंटर म्हणवलं, तर आत कोण आहे ते आधी बघा.

राक्षस नेहमी वाईटच?

वाईट कोण हे सांगणाऱ्यावर आहे. आपले देव इराण्यांकडे ‘दएव’ म्हणून दुष्ट ठरले आणि तिकडचा सर्वोच्च ‘अहुर’ म्हणजे आपल्याकडचा असुर. सीडरच्या जंगलाचा राखणदार हुंबाबा प्राणांची भीक मागतो तेव्हा गिल्गमेश घुटमळतो, एन्किडू त्याला मारायला लावतो. त्याची शिक्षा म्हणून पुढे एन्किडूच मरतो.

लढाया संपल्यावर नायकांचं काय होतं?

गोष्टी सांगणारे बहुतेक इथे घाईने आटोपतात. मोठे ग्रंथ आटोपत नाहीत. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन निघतो आणि वाटेत आभीर लुटारू काठ्या घेऊन पडतात. तोच गांडीव, तोच हात. दोरी कशीबशी चढते, अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत, अक्षय्य भात्यातले बाण संपतात. तो धनुष्याच्या टोकाने मारत राहतो आणि लुटारू त्याच्यासमोरून बायका ओढून नेतात.

ओडिसियसला पाताळात द्रष्ट्या टायरेसियसने सांगून ठेवलेलं असतं की घरी पोचलास तरी एक काम उरेल. खांद्यावर वल्हं घे आणि समुद्राकडे पाठ करून आत आत चालत जा, ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही, जे जेवणात मीठ घालत नाहीत अशा लोकांच्या मुलखापर्यंत. तिथे वाटेत एखादा भेटेल आणि विचारील, धान्य उफणायचं हे फावडं खांद्यावर घेऊन कुठे निघालास? तिथे थांब, वल्हं जमिनीत रोव, आणि घरी जा.